पश्चिमेची भिंत आणि मखराची मंडळी

एप्रिलमधल्या एका मंगळवारी माझी बायको गॅरेजमध्ये पडली. मी ॲम्ब्युलन्स बोलावली. संध्याकाळी सहा वाजता हॉस्पिटलमध्ये तिचा मृत्यू झाला. तेव्हा आमच्या घराच्या तीन भिंतींना सायडिंग लावून झालं होतं. पश्चिमेची भिंत राहिली होती.

भिंत म्हटलं की आपल्याला विटा आणि गिलावा आठवतो. इथे मिशिगनमध्ये, नोव्हायला, आमच्यासारखी घरं लाकडी सांगाड्याची असतात. सांगाड्यावर फळ्या, फळ्यांवर कागदासारखं दिसणारं पांढरं वेष्टन, आणि त्यावर ऊन, पाऊस, बर्फ झेलायला व्हिनाइलच्या लांब पट्ट्या. त्या खालून वर लावत जायच्या, एकीच्या ओठात दुसरी अडकवायची. हे झालं सायडिंग. घराचे कोपरे, खिडक्यांच्या कडा, छपराखालची किनार इथे जी वेगळी अरुंद पट्टी बसते ती ट्रिम. साडीला काठ असतो तशी.

आमच्या घरात हातोडा तिचा होता. ती गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर होती. मी तिच्या मागोमाग, तिच्या व्हिसाच्या आधाराने या देशात आलो आणि पुढे गावच्या लायब्ररीत नोकरीला लागलो. नवी पुस्तकं आली की त्यांना प्लास्टिकची कव्हरं घालणं हे बरीच वर्षं माझं काम होतं. ती निवृत्त झाली आणि तिने घराचं जुनं, भेगाळलेलं सायडिंग स्वतःच्या हाताने बदलायला काढलं, तेव्हा म्हणाली, "तू आयुष्यभर पुस्तकांना कव्हरं घातलीस, आता मी घराला घालते. तू शिडी धर."

मी शिडी धरली. मागितलेली वस्तू वर देणं हेही माझ्याकडे होतं, पण निम्म्या वेळा मी भलतंच द्यायचो. "अरे, कात्री म्हणजे पत्र्याची कात्री! ही कागदाची घेऊन काय करू, पतंग?" असं वरून ऐकू यायचं. जुलै ते नोव्हेंबर तिने तीन भिंती केल्या. पश्चिमेची शेवटी ठेवली, कारण त्या बाजूला सगळ्यांत जास्त खिडक्या आहेत आणि खिडकी आली की कापाकापी आली. मग थंडी पडली. थंडीत व्हिनाइल कात्रीखाली काचेसारखं तडकतं, म्हणून तिने हत्यारं पुसून ठेवली. उरलेलं वसंतात करायचं ठरलं होतं.

आमची मुलगी कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला असते. तिचा नवरा, चार वर्षांची नात आणि ती एका टाउनहाउसमध्ये राहतात. एप्रिलमध्ये ती तीन आठवडे माझ्याजवळ राहिली आणि परत गेल्यावर रोज फोन करू लागली. जूनमध्ये एकदा म्हणाली, "बाबा, be realistic. ते घर तुमच्याच्याने नाही मॅनेज होणार. मागे ते पांढरं वेष्टन फडफडतंय. विंटर आला की काय करणार तुम्ही? इकडे या."

"भिंत करून घेतो," मी म्हणालो.

"कोण करणार?"

मग तिनेच सौदा मांडला. ऑक्टोबरच्या मध्याला ती येणार. तोवर भिंत पूर्ण झाली, तर मी हा हिवाळा इथे काढायचा आणि तिने पुन्हा विषय काढायचा नाही. नाही झाली, तर घर विकायला काढायचं आणि मी फ्रीमाँटला जायचं. मी हो म्हणालो.

मला इथेच राहायचं होतं. का, हे मुलीला नीट सांगता आलं नसतं. तिच्याकडे मला काही कमी पडलं नसतं. पण बायकोने निवडलेलं घर तिच्यामागे सहा महिन्यांत विकून टाकायचं, इतक्या भरभर मला काहीच करता येत नाही. मी पुस्तकसुद्धा हळू वाचतो.

उन्हाळाभर मी काय केलं, तर सायडिंगच्या खोक्यात आलेली माहितीपुस्तिका वाचली. चाळीस पानं. पेन्सिलीने खुणा करत दोनदा वाचली आणि मग टिपणं काढली. त्यामुळे ऑगस्ट संपता संपता व्हिनाइल सायडिंगवर परीक्षा असती तर मी पहिल्या वर्गात पास झालो असतो. पट्टी मात्र एकही लागली नव्हती. एका कंत्राटदाराला बोलावलं. त्याने घराला एक फेरी मारली, तिच्या तीन भिंतींवरून मान हलवत नजर फिरवली आणि म्हणाला, काम चांगलं आहे, ज्याने केलंय त्याच्याकडूनच पूर्ण करून घ्या. त्याला स्वतःला तर पुढच्या वर्षापर्यंत सवड नव्हती.

मग गणपती आले.

आमच्या भागातल्या मराठी मंडळाचा गणपती शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये शनिवार-रविवार बसतो. त्याच्यासाठी दर वर्षी मखर होतं, आणि ते करणारी एक ठरलेली मंडळी आहे. जवळजवळ सगळे गाड्यांच्या धंद्यातले इंजिनिअर. महिनाभर कुणाच्या तरी तळघरात फोमचे तक्ते कापले जातात, आणि शुक्रवारी रात्री हॉलमध्ये मखर उभं राहतं. या मंडळींचा नियम एकच. दोन तक्त्यांमध्ये फट दिसता कामा नये. फोटोत फट येते आणि मग ती वर्षभर व्हॉट्सॲपवर फिरते. या मंडळींची बरीच वर्षं प्रमुख माझी बायको होती.

या वर्षी ते काम एका निवृत्त गृहस्थांनी सांभाळलं. ते मूळचे पुण्याचे. गाडीचं दार आणि गाडीचा सांगाडा यांच्यातली फट सगळीकडे सारखी दिसावी, यात त्यांची तीस वर्षं गेली. म्हणून मंडळात त्यांना गॅपकाका म्हणतात, तोंडावरसुद्धा, आणि त्यांना ते आवडतं. या मंडळींतली आणखी एक म्हणजे बायकोच्या ऑफिसमधली एक नागपूरची मुलगी. मुलगी म्हणतो, पण चाळिशीची आहे. ती माझ्या बायकोला ताई म्हणायची आणि मला काका. ताईचा नवरा काका कसा, हे मी कधी विचारलं नाही.

विसर्जनाच्या दिवशी प्रसादाची खिरापत वाटता वाटता गॅपकाका म्हणाले, "साहेब, भिंतीचं काय केलंत?"

"राहिली आहे."

"राहिली आहे म्हणजे? तिने कधी मखर अर्धं टाकलं होतं का?"

नागपूरची पुढे झाली. "काका, तुम्ही काही बोलू नका. पुढच्या शनिवारी आम्ही सगळे येतो. सायडिंग पार्टी. तुम्ही फक्त चहा करा."

शनिवारी सकाळी आठला नऊ जण आले. सप्टेंबरच्या अखेरीची सकाळ होती आणि तोंडातून वाफ निघत होती. कुणी पोह्यांचं पातेलं आणलं होतं, कुणी लेसर लेव्हल, आणि एकाने दोन्ही. शेजारचे निवृत्त पोस्टमन, ज्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी आमच्या पश्चिमेच्या भिंतीकडे बघते, त्यांनी शिड्यांना अडकवून परांची करायचे ब्रॅकेट आणि फळ्या आणून दिल्या आणि कॉफीचा मग घेऊन आपल्या डेकवर, म्हणजे घरामागच्या लाकडी ओट्यावर, जाऊन बसले.

मी पुस्तिका घेऊन खाली उभा होतो. तळाची पहिली पट्टी लेसरच्या आडव्या रेषेवर लागली. कोपऱ्यांची ट्रिम उभी राहिली. मग बाराबारा फुटी पट्ट्या वर चढू लागल्या. पट्टीच्या वरच्या काठाला लांबट भोकं असतात आणि त्यातून खिळे मारायचे असतात. गॅपकाकांनी पहिला खिळा एका दमात डोक्यापर्यंत ठोकला.

मी म्हणालो, "यात लिहिलंय की खिळा पूर्ण ठोकायचा नाही. भोकाच्या मधोमध मारायचा आणि डोक्याखाली नाण्याच्या जाडीइतकी जागा सोडायची. पट्टी लटकली पाहिजे, जखडली जाता कामा नये. आणि टोकांना ट्रिमच्या आत पाव इंच मोकळं ठेवायचं."

लायब्ररीत वीस वर्षं काढल्यावर माणसाचा आवाज एका ठरावीक उंचीच्या वर जात नाही.

"काय म्हणताय?" वरून विचारणा झाली.

"काही नाही, पुस्तिकेत आहे की—"

"अहो साहेब, या पुस्तिका वकील लिहितात! सैल म्हणजे खडखड. आणि खडखड म्हणजे कम्प्लेंट. तीस वर्षं खडखड बंद करण्यात घालवली आहेत मी."

सगळे हसले. मीही हसलो आणि पान उलटलं.

काम बघण्यासारखं झालं. खिडकीच्या कडांची ट्रिम कोपऱ्यात अशी मिळवली होती की सांधा शोधावा लागत होता. पट्ट्या ट्रिमच्या आत टोकापर्यंत गच्च बसवल्या होत्या. अंधार पडेपर्यंत भिंत वरच्या मजल्याच्या खिडक्यांपर्यंत आली. खरं सांगायचं तर तिच्या तीन भिंतींपेक्षा ही सरळ दिसत होती, आणि याचं मला थोडं वाईटही वाटलं. भिंतीसमोर फोटो निघाले. कुणीतरी सवयीने "गणपती बाप्पा" म्हणालं आणि बाकीच्यांनी "मोरया" केलं. शेजारच्यांनी डेकवरून हात हलवला.

रविवारी ऊन कडक पडलं. इथे सप्टेंबरच्या शेवटी असा एखादा दिवस येतो, जणू उन्हाळा काहीतरी विसरला होता आणि ते घ्यायला परत आला आहे. दुपारी तीनच्या सुमाराला मी आत वाचत बसलो होतो. भिंतीतून टक असा आवाज आला. मग टक टक. मग थोड्या वेळाने एक मोठा कडकडाट.

बाहेर जाऊन पाहिलं. पट्ट्या फुगल्या होत्या. तापल्यावर त्यांना लांब व्हायचं होतं, आणि दोन्ही टोकांना जागा नव्हती, मध्ये खिळ्यांनी जखडलेलं. मग त्या जमेल तिथून बाहेर आल्या. खालपासून वरपर्यंत भिंतीवर लाटा उठल्या होत्या.

शेजारचे डेकवर होतेच. भिंतीकडे बराच वेळ बघून ते म्हणाले, "आज तुमची भिंत तळ्यासारखी दिसते." मग त्यांना वाटलं असावं की हे जरा जास्त झालं. म्हणून पुढे म्हणाले, "छान तळ्यासारखी."

तेवढ्यात नागपूरची तिचं पातेलं न्यायला आली आणि वळसा घालून मागे आली.

"अगं बाई! काका, भिंतीचा पापड झाला ना!"

तिने तिथूनच गॅपकाकांना फोन लावला. ते वीस मिनिटांत हजर झाले. हात मागे बांधून भिंतीसमोर उभे राहिले. मग चालत घराच्या दक्षिण बाजूला गेले. आम्ही मागोमाग गेलो. त्या भिंतीवरही ऊन होतं, पण ती शांत होती. त्यांनी एका पट्टीवर तळवा ठेवून बाजूला ढकलली. पट्टी सरकली. उलट ढकलली. परत सरकली. त्यांनी दुसरी ढकलून पाहिली, मग तिसरी.

"हिच्या सगळ्या सैल आहेत."

"हो," मी म्हणालो.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पान चौदावर आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले होते," नागपूरची म्हणाली. "तुम्हीच म्हणालात, वकील लिहितात म्हणून."

"अहो, पण जोरात बोलायचं ना राव!" गॅपकाका म्हणाले, आणि त्यांचा आवाज इतका रडवेला झाला की आम्हाला हसू आवरेना. थोड्या वेळाने ते स्वतःही हसले. "पत्र्याचा माणूस मी. पत्रा एवढा वाढत नाही हो. हे प्लास्टिक बारा फुटांत अर्धा इंच पळतंय, मला काय माहीत."

नेमका त्याच वेळी मुलीचा व्हिडिओ कॉल आला. काल रात्री मी तिला कळवलं होतं की भिंत अर्ध्याच्या वर झाली.

"दाखवा ना बाबा!"

मी फोन भिंतीकडे फिरवला.

"ओह वाव! इतकी? That's amazing. पण पिक्चर असं wavy का येतंय? तुमचं कनेक्शन खराब आहे."

नागपूरचीने तोंडावर ओढणी धरली. गॅपकाका मला हाताने खुणावत होते की कनेक्शनच, कनेक्शनच. तसं म्हणून सुटता आलं असतं. पण मुलीशी जो सौदा झाला होता, तो मला असा जिंकायचा नव्हता.

"कनेक्शन ठीक आहे," मी म्हणालो. "भिंतच तशी झाली आहे."

ती हळूच म्हणाली, "बाबा, दोन आठवडे राहिलेत."

फोन ठेवल्यावर गॅपकाका म्हणाले की सगळं काढायला नको, मधले मधले खिळे थोडे मागे ओढू, टोकं थोडी कापू, रेटून नेऊ. नागपूरची म्हणाली, हां, ट्राय करू. दोघं मिळून ठरवायलाही लागले. पट्ट्या एकमेकीत अडकलेल्या असतात, मधली सोडवायची तर तिच्या वरची आधी सोडवावी लागते, हे मला पान एकोणतीसवरून माहीत होतं.

"सगळं काढायचं," मी म्हणालो.

दोघंही माझ्याकडे बघू लागली. शेजाऱ्यांनीही डेकवरून बघितलं. त्यांना मराठी येत नाही, म्हणजे मी बराच मोठ्याने बोललो असणार.

"वरून सुरू करायचं आणि तळापर्यंत काढायचं. पुन्हा लावायचं. आणि या वेळी मी सांगेन तसं."

"येस सर," नागपूरची म्हणाली.

तिला सोमवारी ऑफिस होतं, बाकी मंडळींनाही होतं. सवड असलेले दोघंच, मी आणि गॅपकाका. ते सोमवारी सकाळी दहाला आले, मंगळवारी आले, आणि मग रोज येत राहिले. वाकड्या तोंडाचं एक छोटं हत्यार असतं. ते पट्टीच्या ओठाखाली घालून ओढत नेलं की वरची पट्टी खालचीतून सुटते, झिप उघडावी तशी. मग खिळे काढायचे. तीन दिवसांत आम्ही नऊ जणांचं एका दिवसाचं काम उतरवलं. अकरा पट्ट्यांची भोकं फाटली होती. बायकोने मागवताना जास्तीच्या आठ मागवल्या होत्या. उरलेल्या तीन कुठून आणायच्या, याचा विचार करत मी एक पूर्ण संध्याकाळ पुस्तिकेत घालवली. ते काही तिथे नव्हतं. गॅपकाकांनी दुसऱ्या दिवशी दोन मिनिटांत सोडवलं. फाटलेला भाग कापून टाकला आणि राहिलेले तुकडे दोन खिडक्यांच्या मधल्या आखूड जागांत बसवले.

गुरुवारी पुन्हा लावायला सुरुवात केली. मी पहिल्यांदा हातोडा हातात घेतला. पहिला खिळा वाकला, दुसराही. तिसरा सरळ गेला. कठीण होतं ते थांबणं. हाताला वाटतं अजून एक ठोका हवा. तो द्यायचा नसतो. मला ते लवकर जमलं, कारण माझा हात काहीच शिकलेला नव्हता. गॅपकाकांचा हात मात्र थांबत नव्हता. खिळा बुडायचा, ते चुकचुकायचे, हातोड्याच्या नखाने उचकायचे.

शुक्रवारी ते खिशात स्टीलच्या पातळ पात्यांचा एक जुडगा घेऊन आले. इंजिनात सूक्ष्म फटी मोजायला तो वापरतात. खिळा मारला की डोक्याखाली पातं घालून बघायचं.

"अहो, नाण्याच्या जाडीइतकं लिहिलंय," मी म्हणालो. "नाणं घाला."

"नाणं झिजलेलं असतं. सैल ठेवायचंय ना? मग सगळीकडे सारखं सैल पाहिजे."

त्या पात्यामुळे कामाचा वेग निम्मा झाला आणि काम एकदम अचूक. मी हरकत घेतली नाही. माझं म्हणणं एवढंच होतं की प्रत्येक पट्टी लागली की मी तळवा ठेवून ढकलणार आणि ती दोन्हीकडे सरकली तरच पुढची वर चढणार. ते परांचीवरून ओरडायचे, "सरकते का?" मी खालून ओरडायचो, "सरकते!" कधी "नाही!" म्हणायचो, मग वरून पुण्यातली शिवी ऐकू यायची आणि खिळा निघायचा. शेजारच्यांना दोन्ही शब्द पाठ झाले. एका सकाळी मी टपाल घ्यायला बाहेर गेलो, तर त्यांनी डेकवरून विचारलं, "सरकते?"

दुपारी आम्ही पायरीवर बसून जेवायचो. एकदा गॅपकाका म्हणाले, "तुमच्या बायकोने मला एका वर्षी मखराची कमान परत न्यायला लावली होती, माहीत आहे? दोन मिलिमीटर फट. रात्री अकराला. आणि स्वतःच्या घराला अख्खा पाव इंच मोकळा सोडते."

"मखर दोन दिवसांचं होतं," मी म्हणालो.

ते चावता चावता थांबले. "बरोबर आहे," म्हणाले. मग आम्ही तिच्याबद्दल बोललो. एप्रिलपासून लोक माझ्यासमोर तिच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणत होते. यांनी आणला नाही. तिने एकदा मीटिंगमध्ये त्यांच्या कंपनीच्या मोठ्या साहेबाला उभ्या उभ्या कसं गप्प केलं, ते त्यांनी साहेबाचे हावभाव करून दाखवलं. हे मला तिने कधी सांगितलं नव्हतं. मी तीनदा सांगायला लावलं.

दुसऱ्या शनिवारी पाऊस लागला. रविवारी मंडळी पुन्हा आली, सहाच जण, पण शिकवलं तसं करणारे. नागपूरचीने दाराशीच सर्वांना बजावलं, "काकांनी 'सरकते' म्हटल्याशिवाय कोणी शहाणपणा करायचा नाही." छपराच्या त्रिकोणात शेवटच्या पट्ट्या तिरक्या कापाव्या लागतात. तिथे मी वर गेलो नाही. खाली कापायला बसलो. मापं वरून येत होती, मी खुणा करून पत्र्याच्या कात्रीने कापत होतो. एक पट्टी उलट बाजूने तिरकी कापली. नागपूरचीने ती उलटसुलट करून बघितली आणि म्हणाली, "ही शेजारच्यांच्या घराला बसेल, काका."

बुधवारी गॅपकाकांनी छपराखालची शेवटची पट्टी ट्रिममध्ये दाबली आणि ती खट करून बसली. मुलगी शुक्रवारी येणार होती.

गुरुवारी ऊन पडलं. सप्टेंबरइतकं कडक नव्हतं, पण बरंच. आम्ही दोघं हिरवळीवर खुर्च्या टाकून भिंतीसमोर बसलो. थोड्या वेळाने शेजारचे आपली खुर्ची घेऊन आले आणि आमच्या बाजूला बसले. ऊन भिंतीवर आलं. टक, असा बारीक आवाज झाला. गॅपकाकांनी माझा दंड धरला. पुन्हा टक. पट्ट्या आपल्या जागी सरकत होत्या, एवढंच. चारपर्यंत आम्ही तिघं भिंतीकडे बघत बसलो. भिंत हलली नाही. चारला शेजारचे उठले, खुर्ची मिटली आणि म्हणाले, "तळं गेलं."

मुलगी आली ती बॅग खाली न ठेवताच मागे गेली. भिंतीवर हात फिरवला, आणि एक पट्टी तिच्या हाताखाली सरकली.

"बाबा, हे loose आहे."

"तसंच हवं. तापलं की लांब होतं. टोकांना जागा लागते. खिळा मधोमध आणि डोक्याखाली—"

"बाबा, तुम्ही ओरडताय."

मी थांबलो. ती हसत होती. मला ती कितीतरी दिवसांनी तशी हसताना दिसली.

रात्री जेवताना ती म्हणाली, "ठीक आहे. हा विंटर इथे. I promised." मग ताटातला भात इकडचा तिकडे करत राहिली. "मला वाटलं होतं नाही होणार. मी तुमची खोली तयार करून ठेवली होती. शेल्फसुद्धा लावलं भिंतीला, पुस्तकांसाठी."

हे तिने मला आधी सांगितलं नव्हतं. सौद्यात तिला काय हवं होतं, हे तोवर माझ्या नीट लक्षात आलं नव्हतं. मी फक्त मला काय नको आहे, ते धरून बसलो होतो.

"किती फुटी शेल्फ?" मी विचारलं.

"सहा."

"मग जानेवारीत येतो," मी म्हणालो. "एक महिना."

"दोन."

"सहा आठवडे."

तिने मान हलवली आणि डाळ वाढून घेतली.

आता डिसेंबर आहे. घराला चारही बाजूंनी सायडिंग आहे आणि घर विकायला काढलेलं नाही. जानेवारीचं तिकीट झालं आहे, बरोबर न्यायची पुस्तकं काढून ठेवली आहेत. मी नोव्हायलाच राहतो.